बगळ्याच्या चोचीतली जोडी

“हालू नको गो! बगला हाय समोर, हालू नको!”

“बगला हाय तं हाकला ना! बोंबील काय त्याच्या बारशाला घातलेन?”

“हाकलताव गो. येक फोटू काढताव नि हाकलताव.”

मुर्ध्याच्या खाडीकाठी धाकू आणि त्याची बायको चंपा यांचं हे रोजचंच. चंपा उत्तनहून ओले बोंबील आणायची आणि दोघं मिळून ते वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, सुकत घालायची. रीत ठरलेली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडं लोंबतो, एक तिकडं. पुढं कावळे-बगळे हाकलायचं काम एकट्या धाकूचं. गुडघे गेले तशी त्याची होडी सुटली होती, पण पाखरं हाकलायला गुडघे लागत नाहीत, नरडं लागतं. ते त्याच्याकडं भरपूर होतं.

मग पोरानं त्याला आपला जुना फोन दिला आणि नरडं बंद पडलं. फोटो काढायचा तर पाखरू बसलं पाहिजे, आणि ओरडल्यावर कुठलं पाखरू बसतंय? धाकू मुकाट बसून राहायचा. तिवरावरचा खंड्या, तिवराची बारकी फुलं, चिखलात उड्या मारणारे निवटे, काही सोडायचा नाही. एका चिंबोरीचे तर त्यानं इतके फोटो काढले, की शेजाऱ्यांना वाटलं हा स्थळ बघतोय.

सून क्षितिजा शहरातली, जेसल पार्क वसाहतीतली. तिनं सासऱ्याचे फोटो तिथल्या पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर टाकले. सगळे धुरकट. ग्रुपवाले मात्र खूश. ‘काय ते धुकं!’ ‘जणू स्वप्नच!’ आता एप्रिलच्या भर दुपारी मुर्ध्यात धुकं कुठलं? पण धाकूला वाटलं, फोटो काढायची कला म्हणतात ती हीच.

इकडं चंपाला वलांडीवर खिंडारं दिसायला लागली.

“आवो, बोंबील कमी व्हतान.”

“वारा हाय गो.”

“नि फोटूतल्या या बगल्याच्या चोचीत काय हाय?”

धाकूनं फोन डोळ्यांशी नेला. सगळं धुरकट. “खाडीतला मासा. बिचाऱ्यानं मेहनतीनं धरलाय.”

“सांगून ठेवताव. माझा बोंबील चोचीत दिसला, का फोन खाडीत!”

धाकूनं खुशाल मान डोलावली. धुक्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता.

घात केला सुनेनं, तोही मायेपोटी. एका सकाळी तिनं फोन हातात घेतला आणि नाक मुरडलं. “शी, बाबा! लेन्सवर बोंबलाचा थर बसलाय. हात तरी पुसत जा ना!” तिनं ओढणीनं लेन्स घासूनपुसून लख्ख केली.

धाकूनं लगेच जाऊन त्याच बगळ्याला टिपलं. काय उतरला म्हणता! पीस न् पीस वेगळं, पिवळाजर्द डोळा, चोचीवर ऊन. धाकू गुडघे विसरला आणि पळत जाऊन फोटो दाखवला, तो सगळं गाव सोडून चंपालाच.

तिनं फोन लांब धरून पाहिला. “देखना हाय.”

“हाय ना?”

“चोचीत काय?”

“खाडीतला मास…”

“खाडीतला?” चंपानं बोट ठेवलं. चोचीतून एक बोंबील लोंबत होता, आणि त्याच्या जबड्यात जबडा अडकवलेला दुसरा. “खाडीतलं मासं तोंडात तोंड घालून फिरतान? कुनी लगीन लावला त्यांचा?”

सून हसायला घरात पळाली. फोन किती लांब जाऊन पडेल, याचा अंदाज घेत धाकू खाडीकडं बघत राहिला.

पण पोरानं दिलेली वस्तू बुडवायला चंपाचा हात होईना. तिनं फोन कमरेला खोचला. “वलांडी रिकामी झाली का काढा फोटू. तवर न्हाय.”

“वलांडी रिकामी झाल्यावर बगला कशाला येल?”

“त्याचा इचार बगला करल. उठा.”

धाकूनं ओल्या बोंबलांची पाटी पुढं ओढली आणि पुढची जोडी अडकवायला घेतली.