पंचवीस इंची चाकं

आमच्या मोटारीचं चाक किती इंची असावं हे ठरवायला तीन माणसं आणि तीन लिप्या लागल्या, आणि तरीही चाक चुकलं.

चुकवलं मी. आधीच कबूल करते, म्हणजे वाचणाऱ्यांनी उगाच माझ्या नवऱ्यावर संशय घ्यायला नको. (तसा घ्यायला हरकत नाही, पण या एका बाबतीत तो निर्दोष आहे.)

तेव्हा मी नवी नवरी होते. बार्शीहून जळकोटला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. घरात माणसं चार : हे, सासूबाई, मामंजी आणि मी. यांचा धंदा शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्याचा. मामंजी म्हणजे माझे सासरे, निजामाच्या अमलात जमीनमोजणीचे कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की अर्ज लिहून घ्यायला लोक लांबून यायचे. पुढे राज्य बदललं, कचेरीत मराठी आली. मामंजी बोलायचे मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत. ते नोकरी सोडून घरी बसले. भांडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही, फक्त गप्प झाले. घरात काहीही विचारलं की एकच उत्तर : "मला काय इचारताव? आता तुमचा जमाना हाय."

यांना ते बघवत नसे. आणि खरं सांगायचं तर मलाही. घरातला एवढा जाणता माणूस दिवसभर बाजेवर पडून आढ्याकडे बघतोय, हे काही बरं दिसत नाही हो!

अशात घरात मोटार आली. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाच्या बंगल्यामागे ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. यांनी ती बैलांनी ओढत घरी आणली आणि महिनाभर खपून चालू केली. मोटार कसली, मोटारीचं पिल्लू! दोन माणसं बसली की तिसऱ्याचा श्वास बाहेर राहायचा. सासूबाईंनी तिला ओवाळलं आणि विचारलं, "दत्तू, ही मोठी कधी व्हणार?"

त्याच सुमारास नळदुर्गच्या अलीकडच्या माळावर मोटारींची शर्यत ठरली. रस्त्याच्या कामावर नवे आलेले एक इंजिनिअरसाहेब होते, त्यांची ही हौस. माळावर दहा रिकामे डांबराचे ड्रम मांडायचे. मोटारीनं ड्रमांना नंबरवारीनं, डावं-उजवं वळत वळसे घालायचे. एका वेळी एकच मोटार, आणि साहेब घड्याळ लावून वेळ मोजणार. सासूबाईंना हे काही केल्या पटेना.

"शर्यत हाय म्हणतूस, आन एकटाच पळणार?"

"व्हय आई. येळेशी शर्यत."

"मग हरलास तर कुनाला हरलास म्हणायचं?"

मोटारीचे टायर इतके झिजले होते की त्यांच्यावरचे इंग्रजी आकडेही पुसून गेले होते. नवी चाकं आणणं भाग होतं, आणि इथे यांना युक्ती सुचली. हे मुद्दाम बाजेपाशी जाऊन बसले.

"नाना, चाकं केवढी घ्यावी? मला काय उमगंना. तुमीच फैसला करा."

मामंजींनी आढ्यावरची नजर खाली आणली. कितीतरी महिन्यांत त्यांना कुणी फैसला मागितला नव्हता. ते उठले, कोनाड्यातली फूटपट्टी काढली आणि मोटारीपाशी उकिडवे बसून चाक मोजलं. उभं तेवीस इंच भरलं. त्या दिवशी दुपारी ते जेवायलाही दोनदा हाक मारल्यावर आले.

मी चुलीपाशी होते. बाहेर बापलेकांचं जुंपलेलं ऐकू येत होतं. आता यांनी फैसला वडलांवर सोपवला होता ना? मग गप्प बसावं की नाही? पण नाही!

"नाना, मोठं घेऊ या. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर काटतं. साधा हिसाब हाय."

"आरं, ड्रमातनं वळायचं हाय, हैद्राबादला जायाचं न्हाय! बारकं चाक झटक्यात उचल घेतंय. गाडी खाली बसती, वळताना कलंडत न्हाय."

"पण मोठ्या चाकाला रुबाब हाय!"

"रुबाबाला ड्रम आडवा आला मंजी?"

पुढचं फोडणीच्या आवाजात गेलं. थोड्या वेळानं मामंजी दाराशी आले आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "सूनबाई, सोलापूरच्या टायरवाल्याला कार्ड लिही. चाकांसकट चार टायर. आकडा हितं हाय."

चिठ्ठीवर दोनच खुणा होत्या. एक आकडी आणि तिच्यापुढे एक गोल.

आता इथे माझी हुशारी ऐका. सासरच्या जुन्या कागदांवर सगळे आकडे उर्दू असत, म्हणून मी गुपचूप यांच्याकडून उर्दू आकडे शिकून घेतले होते. (मामंजींना एकदा चकित करायचं होतं.) उर्दूत दोनाची खूण आपल्या दोनासारखीच असते, शेपटी तेवढी नसते. आणि गोल काढला तर ते शून्य नव्हे बरं का! उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोल म्हणजे पाच! चिठ्ठीवरच्या दोनाला शेपटी जवळजवळ नव्हतीच. मी मनाशी म्हटलं, अडाणी सून असती तर वीस वाचून मोकळी झाली असती. मी ठणठणीत पंचवीस लिहिलं.

वर मला गहिवरूनही आलं. मामंजींनी एवढा वाद घातला आणि शेवटी लेकाचं मन राखलं, मोठंच चाक निवडलं! असा बाप मिळायला भाग्य लागतं, असं म्हणत मी डोळे पुसले आणि कार्ड मामंजींच्या हातात दिलं. ते स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

चाकं आली ती शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी. ठरल्याप्रमाणे लॉरीवाल्यानं नवी चाकं उतरवली, जुनी उचलली आणि तो धुरळा उडवत गेला. यांनी कानशीनं बोल्टांची भोकं मोठी करून चाकं बसवली. मोटार अशी काही उंच झाली की पिल्लाला कुणी थोरल्या भावाची चप्पल घालावी!

"नाना, तुमी तर बारकी सांगितली हुती," हे म्हणाले.

मामंजींनी फूटपट्टी लावली. पंचवीस. ते उठून म्हणाले, "लिवताना माझीच गलती झाली आसंल. आता ध्यान ऱ्हात न्हाय." आणि जाऊन बाजेवर पडले. भिंतीकडे तोंड करून.

मला काही कळेना. बारकी सांगितली होती? मग पंचवीस का लिहिलं? खरंच चुकले असतील बिचारे, असं मला वाटलं. (बिचारे! हा माझा शब्द.)

तेवढ्यात यांनी मोटार अंगणात फिरवून बघितली आणि दुसरं संकट उघडं पडलं. उजवीकडे वळली तर झकास. डावीकडे वळवली की पुढचं चाक चेपलेल्या मडगार्डला घासायचं आणि मोटार किंचाळून जागच्या जागी थांबायची! ठोकून बघितलं, पण आतली लोखंडी पट्टी हलेना. म्हणजे आमची मोटार जगात फक्त उजवीकडे जाऊ शकत होती.

"ऱ्हाऊ दे मग शर्यत," हे म्हणाले. ते हरायला भीत नव्हते. पण शर्यत राहिली तर बाजेवरचा माणूस पुन्हा उठणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "आगं, डावीकडं जायाचं तर उजवीकडनं गिरकी मारून जावा की! बैल अडला मंजी आसंच करत्यात."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उजवीकडे पाऊण गिरकी घेतली की मोटारीचं तोंड डावीकडेच होतं! पण दहा ड्रमांमधून अशा गिरक्या कुठे घ्यायच्या, कुठे जागा पुरेल, हे मोजायला नकाशा हवा. नकाशा काढणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

हे बाजेपाशी गेले. "नाना, माळाचा नक्शा काढून द्या."

"माझ्या आकड्यावर आता भरवसा ठिवू नगंस."

"मग कुनाच्या ठिवू?"

मामंजी भिंतीकडून अलीकडे वळले. मग हळूच पाय खाली सोडले. सायकलवर बसून दोघं माळ बघून आले, मामंजींनी सगळं अंतर पावलांनी मोजलं, आणि दुपारी ओसरीवर खडूनं नकाशा मांडला. मी कंदिलाची काच पुसत बघत होते. प्रत्येक ड्रमाजवळ ते नंबर घालत चालले होते. सावकाश, जीभ दातांत धरून. १, २, ३... मराठीत! दहाव्या ड्रमापाशी त्यांनी एक काढला आणि त्याच्यापुढे गरगरीत गोल काढला.

कंदिलाची काच माझ्या हातातून पडली.

"लागलं का गं पोरी?" मामंजी म्हणाले.

लागलं होतं, पण हाताला नव्हे. सासऱ्यांनी या वयात, कुणाला न सांगता, माझ्यासाठी मराठी आकडे गिरवले होते. पहिल्यांदा चिठ्ठीवर लिहिले. आणि मी दीडशहाणी, त्यांच्यासाठी शिकलेलं उर्दू पाजळून मोकळी झाले! मी तोंड उघडलं, पण मोटार बघायला आलेल्या चार बाया अंगणात उभ्या होत्या आणि माझी हिंमत झाली नाही. तेवढी शरम आजही आहे.

दुसऱ्या दिवशी माळावर ही गर्दी! आधी डॉक्टरांची मोटार गेली, मग एका कंत्राटदाराची जीप. मग आमची. यांच्याशेजारी, नकाशा उतरवलेला कागद मांडीवर घेऊन मामंजी, आणि त्यांचा आवाज साऱ्या माळभर : "उजवीकडं! आजून उजवीकडं! फिर गरागरा! आता सोड!"

लोकांना वाटलं यांना वेड लागलं. इतर मोटारी जिथे सरळ डावीकडे वळत, तिथे आमची उजवीकडे गिरकी घेऊन, धुळीचा भोवरा उठवून, भलत्याच बाजूनं बरोबर ड्रमापाशी हजर! पाचव्या ड्रमाला लोक टाळ्या पिटायला लागले. सातव्याला इंजिनिअरसाहेब घड्याळ विसरून उभे राहिले. दहाव्या ड्रमापर्यंत एकाही ड्रमाला आमचा धक्का लागला नाही. मोटार थांबली, मामंजी उतरले, आणि आपोआप आणखी एक गिरकी घेऊन खाली बसले.

नंबर शेवटून पहिला. पण इंजिनिअरसाहेब धावत आले ते कागद बघायला. "हा नकाशा कुणी काढला? आमच्या रस्त्याच्या मोजणीला असा माणूस हवा."

"म्या काढला," मामंजी म्हणाले. "आकडे मराठीत हायत. वाचता येत्यात का बघा."

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. मामंजी हातपाय धूत होते. मी पाण्याचा तांब्या धरला आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, गोल, पाच, सगळं. रडत रडत.

मामंजी हसले. "मला ठावं हाय. पेटीत टाकायच्या आदी कार्ड म्या वाचलं हुतं. पंचवीस लिवलेलं दिसलं."

"मग बोलला का न्हाई?"

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. पुसतच राहिले. "जिंदगीत पैल्यांदा मराठी वाचीत हुतो, पोरी. मला वाटलं, माझंच वाचणं चुकलं."

मी त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून मामंजींचा स्वतःच्या वाचण्यावर पक्का विश्वास बसला आणि माझ्या लिहिण्यावरचा कायमचा उडाला. माझं कुठलंही पत्र ते तपासल्याशिवाय पेटीत टाकत नसत, अगदी आईला लिहिलेलंसुद्धा! त्यामुळे माझ्या माहेरच्यांची शेवटपर्यंत अशी समजूत होती की, मला सासरी काडीचाही त्रास नाही आणि सासूबाईंसारखी भाजी तर अख्ख्या जिल्ह्यात कुणी करत नाही.