बायकोचं दुखणं आणि नसरापूरची पोर

माझ्या लेकीपेक्षा लहान असलेल्या एका पोरीवर मी जळत होतो. खोटं कशाला लिहू? शाळा दुसरीतच सुटली माझी, पण जळणं कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको.

दर मंगळवारी सून आमच्या हिला स्कूटीवर बसवून वरव्याहून नसरापूरला न्यायची. तिथं ही पोर बायकांच्या दुखण्यावर उपचार करते. आमची ही खोकली, शिंकली की लघवी सुटायची, ओटीपोट खाली ओढल्यासारखं व्हायचं. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तिच्याकडं धाडलेलं. हे मला सुनेनं सांगितलं, तेही मान खाली घालून. बायको माझी, आणि कळलं मला सगळ्यात शेवटी! कित्येक वर्षं ही माझ्याबरोबर एसटीनं विंझरला, स्वतःच्या माहेराला, यायला नको म्हणायची. मला वाटलं, भावजयीशी वाजलंय. म्हणून मीही त्या भावजयीशी बोलणं टाकलेलं.

एकदा हट्टानं मीही एसटीनं मागोमाग गेलो. बाहेर बाकावर बसलो, तर आतून हिचं हसणं ऐकू आलं. घरात अशी कधी हसत नाही. दोघी बाहेर आल्यावर मी पोरीला गाठलं.

"दुखणं खाली, आन् तुमी टाच नि जबडा धरून बसता म्हणं?"

"बाबा, कातडीखाली सगळ्या अंगाला एक पातळ अस्तर असतं. लुगड्याचा पदर दाराच्या खिळ्याला अडकला, तर ताण कमरेपर्यंत बसतो ना? तसंच."

"मग मला दावा. घरी म्या करीन."

"आधी आजींना विचारा."

"ह्यांचा हात?" ही म्हणाली. "बैलाची खांदेमळणी हाय व्हय?"

दोघी हसल्या. घरी आल्यावरही मी दोन घास कमीच जेवलो.

मग पोरीनं सुनेला शिकवलं. रोज दुपारी सून हिची टाच धरायची आणि मी ओट्यावरून बघायचो. एक दिवस सून बँकेत गेली.

"आण हिकडं पाय," मी म्हणालो.

"दाबायचं न्हाई. नुसता हात ठेवायचा, वाट बघायची."

"तेवढं कळतं मला."

ठेवला, आणि दाबलाच.

"झालं! लागले मळायला!"

हात सैल सोडला. टाच भेगाळलेली, गार. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आढ्याकडं बघत ती आपणहून बोलू लागली. धाकट्याच्या वेळी ओली बाळंतीण असतानाच ती भातलावणीच्या चिखलात उतरली होती. तेव्हापासून खाली जड वाटतंय. सासूला सांगितलं, तर ती म्हणाली, बाईला असतंच. मग ही गप बसली ती बसलीच.

"हे त्या पोरीला सांगितलंस?"

"पहिल्याच मंगळवारी."

पुन्हा जळलो मी.

"हात काढू नगा," ती म्हणाली. "आत्ता कुठं जरा सुटल्यागत वाटतंय."

मी काढणार नव्हतोच.

"कुणाच्या हातानं जास्त बरं वाटतं?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटले आणि दुसरा पायही माझ्याकडं सरकवला.