राजहंसांचा ओरडा

नर राजहंस ओरडत पायरीखालच्या घोणशीला चोची मारत होता, आणि मी खाली न बघता कुंपणापलीकडे उभ्या शेजारच्या यमुनेवर डाफरत होते.

"शेवग्याच्या शेंगा काढायला आलीस ना गं?"

"काकू, शेंगा मरू द्या! पाय मागे घ्या, साप आहे!"

मी पाय मागे घेतला.

कुत्रा भाकरी टाकणाऱ्याचा होतो, म्हणून मी राखणीला राजहंसांची जोडी पाळली. पोस्टमन असो, माझा सख्खा भाऊ असो की वाळत घातलेली चादर, ते सगळ्यांवर सारखेच ओरडायचे. मला ते पसंत होतं, कारण मीही तशीच आहे. पण रोज सगळ्यांवरच ओरडलं, तर साप आला तेव्हाचा ओरडा वेगळा कसा कळायचा? माझं बोलणंही गावात कोणी मनावर घेत नाही, ते बहुधा यामुळेच.

यमुनेने आत येऊन काठीने घोणस ठेचली. फाटकाला कुलूप होतं. कुंपणातली फट तिला बरोबर ठाऊक होती, हे मी लक्षात ठेवलं आहे.

संध्याकाळपर्यंत नर मेला. त्याची मादी आणि मी जगलो.