सुपडूने सांगितलेला पिक्चर

सुपडू गेल्याचं मला कोणी येऊन सांगितलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो तर टेबलावर गंधमुक्तीचं, म्हणजे उत्तरकार्याचं कार्ड, त्यावर आमच्या सुपडूचं नाव आणि नावाआधी 'कै.' लावलेलं. तारीख पाहिली तर विधी होऊन चार दिवस उलटलेले. धुळे ते जळगाव असं किती लांब आहे? मी बायकोवरच चिडलो, कार्ड लपवून ठेवलं होतंस काय म्हणून. तीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "आजच आलंय ते. आणि तुम्ही शेवटचे त्यांच्याकडे कधी गेला होता, ते सांगा आधी," म्हणाली. मी हातपाय धुवायला निघून गेलो...

आम्ही शिंदखेड्याजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावर बसणारे. पुढे मी धुळ्याला इंग्रजी घेऊन बी. ए. झालो आणि नोकरीची वाट बघत देवपुरात खोली घेऊन राहिलो. शेजारीच सुपडूचं शिंप्याचं दुकान. शाळा त्याने अकरावीतच सोडली होती, त्याला कारण होतं. त्याची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, ती सावद्याकडे दिलेली होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विहिरीत पडून गेली. पाणी काढताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. सुपडू वडिलांबरोबर तिकडे जाऊन आला. आल्यावर मला एवढंच म्हणाला की विहिरीला छातीइतका कठडा आहे. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. शाळेत मात्र तो परत आला नाही.

ऐंशीच्या दशकातले ते दिवस. देवपुरात एका शेठने व्हिडिओ सेंटर टाकलं होतं. पत्र्याची खोली, खिडक्यांना काळे पडदे, पुढे टीव्ही आणि बसायला बाकडी. रविवारी दुपारी तिथे मारामारीचे चिनी पिक्चर लागायचे. भाषा चिनी, खाली पुसट इंग्रजी अक्षरं, आणि बघणारे यंत्रमागावर काम करणारे, भाजी विकणारे. कोणाला काय कळणार, कपाळ? मग एकदा सुपडू उठला, दुकानातली कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत गोष्ट सांगायला लागला. सगळी मनची. पण काय सांगायचा! लोक पुढे पिक्चर बघायला येईनासे झाले, सुपडूला ऐकायला यायचे. शेठ त्याच्यासाठी स्वतः चहा मागवायचा.

त्यातलाच तो पिक्चर. पांढऱ्या कपड्यातली एक बाई पाच माणसांचा सूड घेत फिरते. पहिली लढाई बर्फात, सगळं पांढरं आणि त्यात रक्ताचा एकच थेंब. दुसरी रंगाऱ्याच्या अंगणात, वाळत घातलेल्या लालभडक कापडांमधून नुसतं तलवारीचं टोक दिसायचं. तिसऱ्या लढाईत कंदील विझतो आणि फक्त ठिणग्या उडतात. खरं म्हणजे ते पाचजण तिच्या बापाचे शिष्य, त्यांनी गुरूलाच दगा दिलेला. मला खालची अक्षरं वाचून कळत होतं. सुपडू मात्र पट्टी तिच्या चेहऱ्यावर टेकवून म्हणाला, "दखा रे भो, हाई आपली बाई शे. तिना सासरनास्नी तिले हिरमा लोटी दिन्हं. आते हाई बठ्ठास्ले दखी लेई." सासरच्यांनी आपल्या बाईला विहिरीत लोटलं, आता ती सगळ्यांना बघून घेणार! खोलीत शिट्ट्यांचा पाऊस पडला. पाचही दुष्टांना त्याने नावं दिली, कोणी धुडकू, कोणी उखा. बाईला नाव दिलं नाही. ती शेवटपर्यंत 'आपली बाई'.

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी हसत होतो.

तिघे मेले आणि पिक्चर संपला. उरलेले दोघे दुसऱ्या भागात. तो भाग यायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत लोक सुपडूला दुकानात येऊन विचारायचे, आपली बाई कुठवर आली? कॅसेट आली त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला त्याच आठवड्यात जळगावच्या सरकारी ऑफिसातली नोकरी लागली होती, नवीन शर्ट घातला होता, आणि चार पोरं बाजूला बसवून मी खालचं इंग्रजी हळू आवाजात वाचून दाखवत होतो. शहाणपणा दुसरं काय. शेवटी नदीकाठी धुकं, बाई पाचव्याला मारते आणि स्वतः जखमी होऊन पाण्यात पडते. पडद्यावर नुसती नदी वाहत राहते. सुपडूची पट्टी त्या पाण्यावरून हळूहळू सरकत किनाऱ्याला आली. "दखा... निंघनी. आपली बाई काठवर निंघनी."

आणि मी मागून मोठ्याने म्हणालो, "मेली ती, सुपडू. खाली लिहिलंय."

जन्मभर आम्ही एकमेकांशी अहिराणीत बोललो. हे एक वाक्य मी कॉलेजातल्या मराठीत बोललो. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, म्हणजे आतापर्यंत हा थापाच मारत होता. सुपडूने माझ्याकडे पाहिलं, पट्टी बगलेत घातली आणि बाहेर गेला. त्यानंतर तो त्या खोलीत उभा राहिला नाही. शेठ दोनदा बोलवायला गेला, तर म्हणे दिवाळीचं शिवण पडलंय. तेव्हा दिवाळी होऊन महिना झाला होता.

आज जे लिहितोय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. खाली काय लिहिलं होतं ते मला वाचताच आलं नव्हतं. कॅसेट घासलेली, शेवटची ओळ टीव्हीच्या कडेखाली अर्धी गेलेली. 'नदी' एवढा एक शब्द लागला, बाकी मी ठोकून दिलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी सुपडू जळगावच्या बसस्टँडवर भेटला. केस पिकायला लागले होते. इकडचं तिकडचं बोललो. त्याची गाडी लागली, तो पायरीवर चढला आणि वळून म्हणाला, "तू तव्हय बोलना व्हता... खरंच तसं लिखेल व्हतं का?" देवाने हातात आणून दिलेली संधी. पण बी. ए. इंग्रजी ना मी! "हा, लिखेल व्हतं," म्हणालो. त्याने मान हलवली आणि आत जाऊन बसला. अक्काची आठवण मला त्याची गाडी स्टँडबाहेर गेल्यावर आली. मग पुढची गाडी पकडून जाता आलं असतं. गेलो नाही. लाज वाटली, आणि लाजेलाही सवय होते.

कार्ड मिळाल्यावर आलेल्या रविवारी देवपुरात गेलो. वहिनींनी पाणी दिलं, पोटातलं दुखणं अंगावर काढलं म्हणाल्या. दुकान बंद, मशीनवर चादर टाकलेली. भिंतीवर खिळ्याला ती लाकडी पट्टी, मधोमध बोटांनी काळी पडलेली. त्याची मुलगी दहावीत आहे. ती पट्टीकडे बघत म्हणाली, "काका, बाबा मला लहानपणी एक पिक्चर सांगायचे. तुम्हीपण होता म्हणे तिथे. शेवटी ती बाई नदीत पडते ना? बाबा सांगायचे ती काठावर निघते. पण सांगून झालं की म्हणायचे, काकांना विचार, त्यांना वाचता येतं."

म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यासाठी जागा सोडून गोष्ट सांगत होता...

"मला वाचता आलं नव्हतं गं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो. निघते ती."

तिने खिळ्यावरची पट्टी काढली, ओढणीने पुसली आणि परत जागेवर अडकवली. आत वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं.