धूर कुठं जातोय बघा

उदबत्ती पेटवली की आमच्या मेट्रनबाई हात जोडत नसत. डोळे बारीक करून धुराकडे बघत आणि म्हणत, "कुठं जातोय बघा."

दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी बाई वॉर्डात उदबत्ती का लावते, हे नव्या पेशंटला कळत नसे. एकदा पाथर्डीकडच्या एका आजींनी भक्तिभावाने तो धूर ओंजळीने डोक्यावरून घेतला.

"आजी, देवाची न्हाई, हवेची हाय ही," मेट्रनबाई म्हणाल्या. पेशंटशी त्या पेशंटच्याच बोलीत बोलत. "धूर जातो तिकडंच खोकला जातो."

आणि आमच्या जुन्या वॉर्डात धूर कुठेच जात नसे. खाटांवरच घुटमळत राही. नगरच्या त्या रुग्णालयाचं कार्यालय मी सांभाळते. दुरुस्त्या, खरेदी, तक्रारी, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. पाय मोडून आलेला माणूस खोकला घेऊन घरी जातो, ही तक्रार दर हिवाळ्यात असायचीच. खिडक्या नव्हत्या असं नाही! मेट्रनबाई सकाळी त्या उघडत आणि दुपारपर्यंत नातेवाईक त्या लावून फटींत गोधड्या कोंबत.

"वारं लागंल की वो लेकीला!"

"मावशी, वाऱ्यानं काय व्हत न्हाई."

"तुमची लेक असती तर?"

मेट्रनबाई लेकीची चादर नीट करत. मावशीची पाठ वळली की खिडकी पुन्हा उघडी. अशा खिडक्या आणि अशा मावश्या तुम्हीही पाहिल्या असतील.

मग नवी इमारत ठरली आणि काय धमाल सुरू झाली! रुग्णालयाच्या अध्यक्षांना रस्त्यावरून चकाकणारी काच हवी होती, आत सगळीकडे एसी. "पुण्यासारखं दिसलं पाहिजे," हा त्यांचा हट्ट. नकाशाच्या बैठकीत मेट्रनबाई आल्या, दार लावून घेतलं आणि टेबलावर उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला.

"हे काय, बाई?"

"नवा वॉर्ड, साहेब. एसी चालूच राहू द्या."

चहा येईपर्यंत आम्ही एकमेकांना धूसर दिसू लागलो. एसी तोच धूर पुन्हा पुन्हा फिरवत होता. अध्यक्ष खोकले.

"झालं! आता हा खोकला सगळ्यांना प्रसाद," मेट्रनबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. धुरामुळे की हसण्यामुळे, कोण जाणे.

आर्किटेक्ट तरुण होता, पण ऐकणारा. त्याने जागच्या जागी काच खोडून मोठ्या खिडक्या काढल्या. मला वाटलं, जिंकलो! मेट्रनबाईंनी मात्र मान हलवली.

"इथं मावशीचा हात पोचतोय."

त्याची पेन्सिल घेऊन त्यांनी छताखाली रेघ मारली. "झरोके इथं, समोरासमोर. जाळी लावा, झडप नको. वारं डोक्यावरून जाईल, लेक उबेत राहील."

म्हणजे मावशीचं ते बोलणं त्यांनी मनात जपून ठेवलं होतं!

खाटा येण्याआधी आम्ही सगळे रिकाम्या वॉर्डात जमलो. डॉक्टर, सिस्टर, गवंडी, अध्यक्षसुद्धा. पश्चिमेच्या भिंतीशी उदबत्ती पेटली. धूर क्षणभर रेंगाळला, मग वर चढला, छताखालून पळत सुटला आणि समोरच्या झरोक्यातून बाहेर!

"गेला! गेला!" सर्वांत मोठ्याने अध्यक्षच ओरडले. मेट्रनबाई टाळ्या वाजवत होत्या, लहान मुलीसारख्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या याच वॉर्डात पेशंट म्हणून आल्या. छाती भरलेली, आवाज बसलेला. मी त्यांच्यासाठी एसीची स्वतंत्र खोली तयार ठेवली होती.

"ती पेटी नको, ताई." त्यांनी पूर्वेच्या झरोक्याखालच्या शेवटच्या खाटेकडे बोट दाखवलं. "तिथून माझा खोकला कुणावरून जात नाही. सरळ बाहेर."

काही दिवसांनी त्याच खाटेवर त्या गेल्या.

उदबत्ती आता मी लावते, आधी ऑक्सिजन कुठे सुरू आहे ते बघून. काल लावली, तेव्हा पारनेरकडची एक बाई गोधडी घेऊन लेकीच्या खाटेशी उभी होती. खालची खिडकी लावून झाली होती. मान वर करून तिने झरोक्याकडे पाहिलं, हात उंचावला, टाचा उचलल्या. पोचेना. मग तिने ती गोधडी लेकीच्या अंगावर घातली. वरून धूर निघून गेला.