कॉस्मसची जागा

नवरा कॉस्मस गेला तरी गोराईच्या मॉनिकाने मुलीची शाळा सुटू दिली नाही. वांग्यांची टोपली घेऊन ती होडीने खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजारात बसायची. १९५४ साली कार्मेन मॅट्रिकला होती. पुस्तकातली एक इंग्रजी कविता तिला काही केल्या उमगेना, म्हणून ती आईलाच समजावत बसली. मॉनिका बोंबील साफ करत होती.

"चर्चमागे गरिबांची थडगी आहेत. कवी म्हणतो, यांच्यातला कुणी मोठा झाला असता. संधीच मिळाली नाही."

"तुझा बाप कोण झाला असता?"

"बोटीचा कप्तान."

"दोनदा होडी उलटवलीन त्यानं!" मॉनिका हसली. मग म्हणाली, "आणि ते गरीब कायमचे तिथंच?"

"हो. दगडावर नावंसुद्धा आहेत."

"मग गरीब कसले गो?"

गावच्या दफनभूमीत दगड दोन-चार घरांचेच. बाकीच्यांची जागा काही वर्षांनी उघडायची, हाडं कोपऱ्यातल्या, त्यासाठीच खणलेल्या कोरड्या विहिरीत सोडायची आणि त्या खड्ड्यात पुढचा माणूस. कॉस्मसची पाळी मागेच आली होती. मॉनिकाने फादरना विनवून ती पुढे ढकलली होती. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती तिथं बसून त्याच्याशी बोलायची. ती जागा गेली तर बोलायचं कुठं?

त्याच आठवड्यात शेजारची मेबल वारली. तिचा मुलगा लॉरेन्स दारात आला.

"मावशी, दुसरी जागा उघडण्याजोगी नाही. फादर म्हणाले, काकांची जागा तू हो म्हटलंस तरच उघडायची."

"तुझ्या आयनं माझी कोंबडी मारलेली, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आम्ही खाल्लीपण."

शेजारी बायका मेबलला नेसवत होत्या. मॉनिकानं पेटीतून धुतलेली चादर काढली आणि लॉरेन्सच्या आधी दफनभूमीकडे चालू लागली. कॉस्मसची हाडं तिनं स्वतः पुसून चादरीत बांधली आणि विहिरीत सोडली.

कार्मेन नंतर कविता पुन्हा वाचत होती. मध्येच म्हणाली, "आय, मेलेल्यांना एवढंच हवंय, की जाणाऱ्यानं जरा थांबावं."

"मग हे आधी सांगायचं ना!"

रविवारी मॉनिका त्याच मातीपाशी बसली आणि कॉस्मसशी बोलू लागली. सकाळीच लॉरेन्सच्या बायकोशी तिचा खटका उडाला होता. तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. आता त्याच मातीत तिची सासू मेबल ऐकत होती.