यार्डातले निळे ठिपके

आमच्या यार्डात कंटेनर एकावर एक किती चढवायचे याला नियम आहे. किश्शांना नाही! मी मूव्हमेंट डेस्कवर बसते, म्हणजे कुठला ट्रेलर कुठे अडकलाय ते दिवसभर बघते आणि ड्रायव्हर नि ऑफिस, दोन्हीकडून शिव्या खाते. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की ड्रायव्हरांना बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं, आणि ते सगळं बोलणं शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडतं. त्यातले ॲपचे किस्से तेवढे आज सांगते.

तर आमच्या शेठनी एक ॲप आणलं. ते ड्रायव्हरनं स्वतःच्या फोनमध्ये टाकायचं, की माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावाचा निळा ठिपका हजर. माणूस ड्युटीवर असो नाहीतर घरी जेवत असो, ठिपका चालूच! ॲप नाही तर गाडी नाही, असा हुकूम निघाला. मॅनेजर अमोल सर एकेकाचा फोन हातात घेऊन भराभर 'अलाऊ, अलाऊ' दाबत सुटले.

बाळाराम काका आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांनी विचारलं, "सर, आता काय मागतंय ह्यो?"

"फोटो बघायची परवानगी, काका."

"फोटू बघाचे हायेत त घरी या ना! लग्नाचा अल्बम हाय."

सर हसले आणि त्यांनी 'अलाऊ' दाबलं.

*

थोड्याच दिवसांत काकांना त्यांच्या सासूबाईंचा फोन आला. म्हातारी तळा तालुक्यातल्या एका गावात भातशेती करते.

"जावयबापू, तुमच्या शेटचा मेसेज आलाय. चाळीस फुटी ट्रेलर स्वस्तात देतो म्हनतोय."

काका गार! ॲपनं फोनमधले सगळे नंबर उचलले होते आणि ऑफिसातून त्या सगळ्यांना जाहिरात गेली होती. काकांचा न्हावी, गावचा भटजी, मुलीचे सासरे, कोणी म्हणून सुटलं नव्हतं.

काका माफी मागायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "माफी ऱ्हाऊ द्या. औंदा एवढा भात न्हाय झाला, टेम्पो हाय का इचारा!"

*

मग वहिनी लोकांना माझ्या स्क्रीनचा पत्ता लागला. कुठल्या वहिनी ते सांगत नाही, त्या वाचतील.

"ताई, आमचे हे कुठं हायेत आता?"

मी म्हटलं, "वहिनी, मला दिसतंय, पण मी कुणाचं कुणाला सांगत नाही."

"तुला दिसतंय नि मना नाय? मंग लगीन कुनाशी झालंय त्यांचं?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. बाईचं चुकलं काय होतं? परक्या बाईचा नवरा सुट्टीच्या दिवशी कुठे बसलाय हे मला कशाला दिसायला हवं? त्या दिवसापासून मला त्या ठिपक्यांचा राग यायला लागला.

*

काकांच्या पुतण्याची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे डीजे, नाच आणि सगळा गाव. निम्मे ड्रायव्हर रीतसर सुट्टी टाकून गेले होते. नाच रंगात आला आणि काकांना अमोल सरांचा फोन, "दिसताय सगळे हळदीला! नाच बेतानं करा, परवा गाड्या आहेत."

काकांचं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी त्यांना श्रीवर्धनला पाहुण्यांना सोडायला जायचं होतं. सगळेच अजून सुट्टीवर होते. काकांनी सगळ्यांचे फोन गोळा केले, एका पिशवीत घातले आणि निघाले.

दुपारी अमोल सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि किंचाळलेच, "अगं, हे काय!" निम्मे ठिपके आगरदांड्याहून निघून दिघीच्या दिशेनं भर खाडीत तरंगत होते.

"फेरीबोट असेल सर," मी म्हटलं.

"सगळे एकदम? बुडाले तर नाहीत ना?"

त्यांनी काकांना फोन लावला. बोटीवर पिशवीत वाजणारा नेमका फोन शोधायला काकांना जरा वेळ लागला. उचलून म्हणाले, "सर, फोनावर तुमचा लय जीव, म्हून त्याना हवा खायाला आनलंय!"

*

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग नामदेवचं झालं.

नामदेव म्हणजे शांत माणूस. गाडी लावावी तर त्यानंच. त्याचा ठिपका सुट्टीच्या दिवशी पनवेलच्या एका हॉस्पिटलात दिसायला लागला. कुठलं हॉस्पिटल, कशाचं, ते मी लिहिणार नाही. अमोल सरांनी मात्र भर यार्डात, सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, काय झालंय तुला? गाडी चालवायला फिट आहेस ना?"

नामदेवची मान खाली गेली. तो खुलासा करेपर्यंत सरांनी त्याला गाडीवरून उतरवलं. त्यानं एवढं सांगितलं असतं की आजारी मी नाही, तर गाडी लगेच मिळाली असती. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तो ते सांगणार नव्हता. रोज येऊन बाकावर बसायचा आणि आपला ट्रेलर दुसऱ्यानं नेताना बघायचा. मला बघवत नव्हतं.

मी काकांना गाठलं. म्हटलं, "काका, आपली माहिती कशाला घेताय, हे आपल्या भाषेत विचारायचा हक्क आहे आपल्याला. आणि 'हो' म्हटलेलं परत घ्यायचाही."

"येवढंच ना?" काका म्हणाले. "मंग इचारू."

*

सोमवारी सकाळी बंदरात बोट लागलेली, माल उचलायची घाई, आणि सगळे ड्रायव्हर चाव्या खिशात घालून यार्डात बसले. शेठ धावत आले. काका म्हणाले, "शेठ, काम बंद नाय. सरांनी ॲप काय काय घेतंय ते मराठीत वाचावं, मंग निघतो."

अमोल सर वाचायला लागले. "कॅमेरा."

"कशाला?" सगळे एका सुरात.

"मायक्रोफोन."

"कशाला?"

"कॉन्टॅक्ट."

"सासूला ट्रेलर विकायला!" मागून कोणीतरी ओरडलं. शेठसुद्धा हसले.

"लोकेशन. कायम."

बाकावरून नामदेव उठला.

"शेठ, गाडीला जीपीएस हाय. गाडी कुठं हाय ते गाडीला इचारा. सुट्टीत मी कुठं जातो, ते मी माझ्या घरी सांगतो."

बसला. आणि मग सगळ्यांनी फोन काढले आणि ॲपची परवानगी काढून घेतली. माझ्या स्क्रीनवरचे ठिपके एकेक करून गेले. शेवटचा गेला तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, नोकरी गेली तर गेली!

शेठ व्यवहारी माणूस. बाहेर बोट उभी होती. चहा संपायच्या आत ठरलं: नंबर पुसायचे, कॅमेरा-बिमेरा बंद, आणि ड्युटी संपली की ठिपका बंद. अमोल सरांनी नामदेवची माफी मागितली, तीही भर यार्डात, सगळ्यांसमोर. पहिली गाडी नामदेवची निघाली. गेटपर्यंत तो हॉर्न वाजवत गेला, आणि तो माणूस एरवी हॉर्नला हात लावत नाही!

*

परवाचीच गोष्ट. नामदेव ड्युटी संपवून घरी जाऊन परत आला. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. पहिला पेढा शेठना. शेठनी तो अख्खा तोंडात टाकला आणि विचारलं, "अरे वा! कशाचे पेढे?"

नामदेवनं बॉक्स माझ्याकडे वळवला. कानापर्यंत हसला आणि म्हणाला,

"ड्युटी संपली, शेठ! ठिपका बंद!"